वजनाचं ऑपरेशन फक्त पैसेवाल्यांनाच का?

संपादक साहेब, वाळपईची आमची मावशी कॅन्टीनमध्ये दिवसभर उभी असते, शुगर आहे, गुडघे गेलेत, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, डॉक्टरनी बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन, सुचवली पण प्रायव्हेटचा लाखांतला आकडा ऐकून ती गप्पच बसली. वर लोक म्हणतात तोंडावर ताबा ठेव, फार राग येतो! विमा नियामकाच्या (IRDAI) 2019 च्या नियमांनंतर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 40, किंवा गंभीर आजार असेल तर 35 असला की पॉलिसी काढलेल्यांना क्लेम मिळू शकतो, पण ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांचं काय? आणि ऑपरेशननंतर जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या, रक्ततपासण्या... गरिबांचा हा नंतरचा खर्चही सरकारने उचलायलाच पाहिजे.

– एक वाचक, सत्तरी