लागोसच्या वकील गव्हर्नरांविषयी, लेकीस

नाशिक

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर सांगितलेस की एलएलबीच्या निकालानंतर एका आमदारांच्या कार्यालयात काम करण्याविषयी तुला विचारणा झाली आहे आणि आधी कोर्टात उभे राहावे की सरळ तिकडे जावे, हे तुझे ठरत नाही. मी तेव्हा फारसे बोललो नाही. मला जे सांगायचे आहे ते एका माणसाच्या कारकिर्दीतून सांगितले तरच नीट सांगता येईल असे वाटले, म्हणून हे पत्र.

मी नायजेरियातल्या लागोसमध्ये कारखान्याचे हिशेब पाहत होतो त्या काळात, 2007 ते 2015 अशी आठ वर्षे, बाबातुंदे फाशोला त्या राज्याचे गव्हर्नर होते. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा दिल्लीहून नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि राज्याचा सगळा कारभार त्याच्याच हाती असतो. फाशोला 1963 साली लागोसमध्ये जन्मले. 1987 मध्ये बेनिन विद्यापीठाची कायद्याची पदवी आणि पुढच्या वर्षी सनद मिळाल्यावर त्यांनी दहा-बारा वर्षे वकिलीच केली. 1999 मध्ये बोला टिनुबू गव्हर्नर झाले, तेव्हा सत्तांतराच्या कामासाठी नेमलेल्या जमिनीविषयक उपसमितीचे ते सचिव होते, आणि 2002 मध्ये टिनुबूंचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कार्यालयप्रमुख, झाले. राजकारणातली त्यांची शिकाऊ उमेदवारी झाली ती अशी, फायलींमध्ये.

2004 मध्ये त्यांना सीनियर ॲडव्होकेट ऑफ नायजेरिया हा तिथल्या वकिलीतला सर्वोच्च मान मिळाला. टिनुबूंनी 37 नवी स्थानिक क्षेत्रे निर्माण केली म्हणून राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी त्याच वर्षी लागोसच्या स्थानिक संस्थांचा निधी रोखला. राज्याचे ॲटर्नी जनरल येमी ओसिनबाजो सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि असा निधी रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, असा निकाल डिसेंबरमध्ये लागला. तरीही पैसे सुटले ते 2007 मध्ये ओबासांजो पायउतार झाल्यावर! निकाल हातात आणि तिजोरीत खडखडाट, अशा अवस्थेत राज्य चालवताना आपला कर आपणच नीट वसूल करायचा, हे लागोसला शिकावे लागले. फाशोलांच्या पुढच्या आठ वर्षांचा पाया तोच होता, आणि तो घातला जात असताना ते त्याच कार्यालयात बसलेले होते. वर्गात शिकवला जाणारा निकाल कोर्टाबाहेर किती चालतो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. तुला आलेल्या विचारणेच्या बाजूने माझ्याकडे असलेले हे सर्वांत मोठे कारण.

गव्हर्नर झाल्यावर त्यांनी केलेले काम मी रोज वापरले. मार्च 2008 मध्ये माईल 12 ते सीएमएस अशी 22 किलोमीटरची बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेची बससेवा, सुरू झाली. तोवर काळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या डानफो गाड्यांत कोंबून घेऊन, तिथे ज्याला ‘गो-स्लो’ म्हणतात त्या कोंडीत दोन-दोन तास काढल्याशिवाय माझा दिवस संपत नसे. बस स्वतःच्या मार्गिकेतून निघाली की बाजूची कोंडी नुसती मागे सरकताना दिसे, आणि तेवढ्यासाठी मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटे.

पण ओशोडीच्या चौकात एक बाई संत्री विकायची. ब्लेडने वरची साल दोरीसारखी सलग उतरवून आतली पांढरी साल तशीच ठेवायची, मग वर एक काप देऊन फळ हातात द्यायची. ते पिळून चोखायचे. जानेवारी 2009 मध्ये सरकारने ओशोडीचा रस्ता मोकळा केला. वाहतूक सुरळीत झाली, तिथली दहशत कमी झाली, आणि ती बाई मला पुन्हा दिसली नाही. तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता. 1978 च्या भूवापर कायद्याने राज्यातली जमीन गव्हर्नरच्या स्वाधीन केलेली आहे, लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून. जमिनीच्या उपसमितीवर काम केलेल्या वकिलाला त्यातला ‘स्वाधीन’ हा शब्द जितका ठळक दिसला, तितका ‘विश्वस्त’ दिसला नाही, असे माझे मत आहे. जुलै 2012 मध्ये मकोको इथल्या पाण्यावरच्या लाकडी घरांना 72 तासांची नोटीस देऊन ती पाडायला सुरुवात झाली, आणि वस्तीतला एक प्रमुख पोलिसांच्या गोळीने गेला तेव्हा कुठे हात थांबला. पुढच्या वर्षी लागोसमधल्या इग्बो समाजातल्या काही निराधार माणसांना गाडीत घालून त्यांच्या मूळ प्रदेशातल्या ओनित्शा शहरात नेऊन सोडले गेले. त्याबद्दल फाशोलांनी नंतर जाहीर माफी मागितली. ती मागायला मोठेपणा लागतो, हेही मी मानतो.

मात्र त्याच 2012 च्या जानेवारीत इंधनाचे अनुदान काढल्यावर लोक ओजोटाच्या मैदानावर जमले आणि केंद्राने शहरात सैनिक आणून उभे केले, तेव्हा फाशोलांनी राज्याला उद्देशून भाषण करून त्याला उघड विरोध केला. निःशस्त्र नागरिकांसमोर लोकशाहीत लष्कर उभे करता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या संध्याकाळी मला त्यांच्यातला वकील पहिल्यांदा पूर्ण दिसला. नागरिकांच्या हक्काची ही जाण त्यांच्यात होती. मकोकोत ती का जागी झाली नाही, हा प्रश्न मला आजही छळतो.

2014 च्या इबोलाविषयी तुला ठाऊक आहे, तेव्हा तुझी आई रोज फोन करायची. लागोसच्या एका रुग्णालयातल्या डॉ. अडाडेवोह यांनी दबावाला न जुमानता तो पहिला रुग्ण रुग्णालयातच रोखून धरला आणि स्वतः प्राण गमावले. केंद्रात आणि राज्यात परस्परविरोधी पक्षांची सरकारे असूनही दोघांनी मिळून 894 संपर्कातली माणसे शोधली. 20 रुग्ण, 8 मृत्यू, आणि 20 ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. आमच्या फाटकावरचा पहारेकरी कपाळासमोर तापमापक धरायचा तेव्हा त्याचाच हात थरथरायचा, पण त्याने एकही दिवस रजा घेतली नाही.

पुढे केंद्रीय मंत्री म्हणून वीजखाते हाती असताना फाशोलांना तसे यश आले नाही.

तेव्हा ताई, माझे म्हणणे असे की आधी निदान चार-पाच वर्षे दिवाणी कोर्टात काढ, आणि त्यातही ज्यांच्याकडे सातबारा नाही अशा माणसांची वकीलपत्रे घे. त्यानंतर आमदारांच्या कार्यालयात जायचे असेल तर मी अडवणार नाही. येत्या रविवारी मी पुण्याला येतो. तोवर त्यांना एवढेच विचारून ठेव की त्यांच्याकडे अतिक्रमणाच्या फायली कोण वाचते, आणि ते काम तुला मिळेल का.

तुझे,
बाबा