गायरानावर सौर प्रकल्प : ठरावात काय लिहून घ्यावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गावोगावची गायराने सौर प्रकल्पांना दिली जात आहेत. शेतीपंपाला दिवसा वीज मिळाली की रात्री-अपरात्री दारे धरायला जाणे टळते. योजना हवीच. पण 2006च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेतून सौर प्रकल्प वगळलेले आहेत, हे गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. जनसुनावणी होत नाही, परिणामांचा अहवालही लागत नाही. गावाला बोलायला जागा उरते ती ग्रामसभेतच. त्यामुळे अटी ठरावात घालाव्यात आणि ठरावाची प्रत करारपत्राला जोडून घ्यावी.

एका मेगावॉटला चार ते पाच एकर जागा लागते. ती डोझरने सपाट करणे ठेकेदाराला सोयीचे असते, पण नुकसान तिथूनच सुरू होते. माळावरचा वीतभर मातीचा थर खरवडला की पवन्या, कुसळी यांसारखे गवत लवकर धरत नाही. पाऊस पॅनलच्या खालच्या कडेवरून एका रेषेत कोसळतो, उघड्या जमिनीवर घळ पाडतो आणि खांबाच्या बुडाची माती वाहून नेतो. त्याऐवजी खांब कमी-जास्त उंचीचे घेऊन जमिनीचा उतार तसाच राखता येतो. ओळींमध्ये समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे) काढावेत. काळ्या मातीत आणखी एक काळजी घ्यावी लागते : ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ खांब वर उचलला जातो, ओळ वाकडी होते, काच तडकते. आधी चार-सहा ठिकाणी खांब उपटून पाहण्याची चाचणी घ्यावी आणि मगच खोली ठरवावी.

पाण्याचा हिशेब तर प्रत्येक गावाने मांडावा. 550 वॉटचे सुमारे 1,800 पॅनल म्हणजे एक मेगावॉट. एका पॅनलला 2 लिटर धरले तर एका धुण्याला 3,600 लिटर, आणि कोरड्या आठ महिन्यांत महिन्यातून दोनदा धुतले तर साधारण 58 हजार लिटर पाणी लागते. हे गावाच्या बोअरमधून कशासाठी? शिवाय बोअरचे क्षारयुक्त पाणी काचेवर पांढरा थर सोडते आणि वीज घटते. याच पॅनलांचे क्षेत्रफळ सुमारे 4,600 चौरस मीटर भरते. 500 मिलीमीटर पावसात त्यांच्यावर 23 लाख लिटर पाणी पडते. त्यातला तिसावा-चाळिसावा हिस्सा झाकलेल्या टाकीत साठवला तरी वर्षाची धुलाई निघते. नवा बोअर घ्यायचा नाही, ही अट पहिली लिहावी.

तणनाशकावर बंदी घालावी. पॅनलची खालची कड जमिनीपासून मीटरभर वर ठेवली आणि वायरी नळीतून नेल्या तर आत मेंढ्या चारता येतात. गवत आटोक्यात राहते आणि मेंढपाळांचे कुरणही पूर्ण जात नाही. शेळ्या मात्र नकोत, त्या पॅनलवर चढतात, वायरी कुरतडतात. कुंपणाखाली वीतभर फट सोडली की ससा, मुंगूस ये-जा करतात. ओढ्याचे पात्र आणि मेंढरांची जुनी वाट कुंपणाबाहेर ठेवावी. रोहित्राखाली (ट्रान्सफॉर्मरखाली) त्यातले सगळे तेल मावेल असा पक्का हौद हवा. गळलेले तेल एरवी थेट मातीत जाते.

शेवटची अट बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. करार 25 वर्षांचा असतो. 2022च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनल आले आहेत, पण जमिनीत गाडलेले काँक्रीट, खांब आणि केबल कोण काढणार, हे करारातच ठरवावे लागते. त्यासाठी सुरुवातीलाच अनामत रक्कम किंवा बँक हमी घ्यावी. वादळात, गारपिटीत फुटलेले पॅनल कोपऱ्यात ढीग करून न ठेवता किती दिवसांत हलवायचे, तेही दिवसांच्या आकड्यासह लिहून घ्यावे.

आपले,
सौर प्रकल्पांच्या उभारणीत काम करणारे काही अभियंते, सोलापूर