कार्यशाळेची परीक्षा प्रसूतिकक्षात व्हावी

महोदय,

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी २६ वर्षे प्रसूतिगृह चालवते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना ३० क्रेडिट लागतात. त्यासाठी, आणि शिकायची ओढ आहे म्हणूनही, मी कार्यशाळांना जाते.

गेल्या वर्षीची कार्यशाळा प्रसूतीतल्या आणीबाणीवर होती. व्याख्याने खरोखर चांगली झाली. पण सत्तरेक डॉक्टरांत सरावाचा पुतळा एकच. माझी पाळी येईपर्यंत वेळ संपली. निघताना फॉर्म भरून घेतला : वक्ते कसे वाटले, सभागृह कसे होते, जेवण कसे होते. मी सगळीकडे 'उत्तम'वर खूण केली.

दोन महिन्यांनी, पहाटे तीनच्या सुमारास, एका बाळाचे डोके बाहेर आले आणि पुन्हा आत ओढल्यासारखे झाले. खांदा अडकला होता. अशा वेळी आईच्या मांड्या पोटाशी दुमडायच्या आणि दाब द्यायचा तो ओटीपोटात, अगदी खाली. आमच्या सिस्टर घाबरून पोटाच्या वरच्या टोकाला दाबू लागल्या. त्याने खांदा आणखी अडकतो. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. उभे राहून जोर लावायला पायरीचे स्टूल हवे होते, ते ओपीडीत. बाळ वाचले, पण त्याचा उजवा हात तीन महिने लुळा होता. आता तो हलवतो. त्याची आई लसीकरणाला आली की मी आधी तो हातच पाहते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात डॉक्टर आणि सुईणींना पुतळ्यावर एकत्र सराव देण्यात आला. त्याचे मोजमाप फॉर्मवर थांबले नाही. आधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांच्या प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. खांदा अडकलेल्या बाळांपैकी ९.३ टक्क्यांना इजा होत असे, ती २.३ टक्क्यांवर आली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले आहे.

आपल्याकडच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. व्याख्याने निम्मी करा, पुतळे वाढवा आणि डॉक्टरबरोबर त्याच्या सिस्टरलाही बोलवा. तिची फी मी आनंदाने भरीन. सहा महिन्यांनी फोन करून विचारा की असा प्रसंग आला का, कोणी काय केले, बाळाचे काय झाले. आणि परिषदेने क्रेडिट देताना ही माहिती मागावी.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिस्टरच्या मुलीची जुनी बाहुली घेऊन पंधरा मिनिटे सराव होतो. एकजण घड्याळ बघून मिनिटे मोठ्याने मोजते. पहिल्याच सोमवारी आयाबाईंनी स्टूल प्रसूतिकक्षात आणून ठेवले. ते आता तिथून हलत नाही.

– एक स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ, जि. सातारा