पालिकेच्या शाळेचाही अभिमान वाटू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडल्या की नवी दप्तरं, रेनकोट, फुलं देऊन स्वागत, सगळं छान वाटतं, पण ज्या पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली तिथेच आज पोरगं पालिकेच्या शाळेत आहे हे सांगताना आईबाप आवाज खाली का करतात? मला तर अभिमान वाटतो, आणि अपेक्षाही मोठ्या ठेवायच्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, खूप जणांना हे माहीतच नाही! तर यंदा मीटिंगला जा, तिसरीतलं पोर धडा घडाघडा वाचतंय का ते बाईंना विचारा, आणि वाचत असेल तर सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक करा.

– एक पालक, पुणे