अपघाती गाडीचे इंजिन अंगणात उतरवताना

महोदय,

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या वाड्यांत अपघाती गाड्यांची इंजिने अंगणातच उतरवली जातात. चेन पुली माडाला किंवा पडवीच्या वाशाला अडकवतात, हे जिवावर बेतणारे आहे. छोट्या कारचेही इंजिन गिअरबॉक्ससह शंभर किलोच्या वर जाते. एक टन पेलणारी पुली भक्कम लोखंडी घोडीलाच (उभ्या सांगाड्याला) लावावी. लटकत्या इंजिनाखाली कोणीही जाऊ नये.

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. पेट्रोल, कूलंट, इंजिन ऑइल, गिअर ऑइल वेगवेगळ्या डब्यांत काढावे. जमिनीवर ओतलेले तेल जांभ्यातून झिरपून विहिरीत उतरते, हे तरी ध्यानात ठेवा!

खाऱ्या हवेने माउंटिंगचे (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या आधारांचे) आणि बेलहाउसिंगचे (इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट जाम होतात, जोर केला की डोके तुटते. रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, मग बोल्ट किंचित आवळून सैल करावा. गिअरबॉक्स सोडवताना खाली जॅक हवाच. तो नसला तर सारे वजन इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर) येऊन क्लच प्लेट वाकते.

चिपळूणच्या २०२१च्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाला स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. स्पार्क प्लग काढून क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) हातानेच फिरवावा.

गाडी कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. इंजिन विकण्याआधी हे काम उरकावे.

– गॅरेज व्यावसायिक, रत्नागिरी जिल्हा