हिवाळ्याच्या पुरवणीत एक ओळ राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत थंडीत त्वचेची काळजी कशी घ्यायची ते आलं होतं. खोबरेल तेल, ग्लिसरीन, कोमट पाणी, सगळं बरोबर आहे, तक्रार नाही. पण त्यात अजून एक ओळ हवी होती, की थंड पाण्यात हात घातला किंवा एसीत बसलं की बोटं पांढरी फटक पडतात, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात, असं होत असेल तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा. मी तीन वर्षं तेल चोळत बसले म्हणून सांगते.

मी ऐरोलीला राहते, वय ४७. तेव्हा महापेला एका ऑफिसात अकाउंट्सला होते आणि माझं टेबल बरोब्बर एसीच्या खाली. बोटं पांढरी व्हायची, मी चहाचा कप धरून बसायचे आणि सगळे हसायचे की हिला ठाण्यात पण थंडी वाजते. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, आयर्नच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन वाढलं पण बोटं तशीच. मग बोटं सुजून अंगठी निघेना, शेवटी सोनाराकडून कापून घेतली. मग चेहऱ्याची कातडी ताणायला लागली आणि गंमत म्हणजे त्या वर्षी मैत्रिणी विचारायच्या कुठली क्रीम लावतेस गं, सुरकुत्याच गेल्या! दाताच्या डॉक्टरकडे गेले तर तोंड पूर्ण उघडेना, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गुटखा खाता का. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही हो.

शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांनी नखाच्या मुळाशी एक छोटी दुर्बीण लावून बघितलं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या, तुटलेल्या दिसल्या, मग एएनए, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलीय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, आणि बाकीच्या टेस्ट केल्या आणि नाव कळलं, स्क्लेरोडर्मा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, कोलॅजन जास्त बनतं, कातडी कडक होते आणि नुसती कातडी नाही, अन्ननलिका, फुप्फुसं, हृदय, किडनी कुठेही जाऊ शकतं. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, बहुतेक तिशी ते पन्नाशीत. बोटं पांढरी पडण्याला रेनॉड्स म्हणतात, आणि उगाच कोणी घाबरू नका, पुष्कळ जणांना नुसतं रेनॉड्स असतं आणि पुढे काही होत नाही. पण बघून तरी घ्यायला हवं ना. ती दुर्बीण म्हणजे डर्मॅटोस्कोप, बऱ्याच स्किनच्या डॉक्टरांकडे असतो, बघायला पाच-दहा मिनिटं लागतात. मला तीन वर्षं लागली.

नातेवाईकांचं वेगळंच. नाव ऐकून त्यांना ल्युकोडर्मा वाटतो, आणि माझ्या मानेवर पांढरे-काळे ठिपके आलेत त्यामुळे खात्रीच पटते. एका लग्नात चुलत सासूबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, कोड आहे का गं, मुलीच्या लग्नाचं बघ बाई. कोड असतं तरी काय बिघडलं असतं ते सोडा, पण हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एवढं तरी छापा.

त्यात अंगठा. ऑफिसच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा उठेना, बोटांच्या टोकाला जखमा आणि कातडी गुळगुळीत झालेली. एचआर म्हणे हात धुवून या. तीनदा हाफ डे कापला तेव्हा मी डॉक्टरांचं पत्र नेलं. नंतर रेशनच्या दुकानात तेच. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्क्लेरोडर्मा नावाने नाही, त्यामुळे समजावत बसायचं. मेडिक्लेम ऍडमिट झालं तर पैसे देतो, पण माझा खर्च ऍडमिट होण्याचा नाहीच, महिन्याच्या गोळ्यांचा आणि फुप्फुसांची टेस्ट, टूडी इको, सीटी यांचा आहे.

डॉक्टरांसाठी मी परळला जाते, ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून स्लो लोकल. तिथल्या लाईनीत कळव्याच्या एक ताई भेटल्या, त्यांना हा आजार माझ्या आधीपासून. तासाभरात त्यांनी जे शिकवलं ते मला कुठल्या कागदावर मिळालं नव्हतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा, रात्री ऍसिड वर येत नाही. फ्रीजमधलं काढताना हातमोजे घाला. घरी बीपीचं मशीन ठेवा, अचानक वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किडनीचं असू शकतं. आणि कोणी सांधे दुखतात म्हणून स्टिरॉइडचा मोठा डोस लिहून दिला तर आधी आजाराचं नाव सांगा, कारण या आजारात तो किडनीवर उलटू शकतो. हे शेवटचं मी डॉक्टरांना विचारून घेतलं, ते म्हणाले बरोबर आहे.

म्हणून मागणं एवढंच, की ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हॉस्पिटलात आठवड्यातून एक दिवस संधिवाताच्या स्पेशालिस्टची ओपीडी असावी, कारण हा आजार तेच बघतात, आणि महिन्यातून एका दुपारी आमच्यासारख्यांना बसायला एक खोली द्यावी, पंखा चालेल, एसी नको.

रिसर्चचं म्हणाल तर अगदीच अंधार नाही. फुप्फुसं कडक होण्याचा वेग कमी करणारं निन्टेडॅनिब नावाचं औषध अमेरिकेत या आजारासाठी २०१९ मध्ये मंजूर झालं, त्याने कातडी मऊ होत नाही हे मात्र लक्षात ठेवा. जर्मनीत कार-टी पेशींच्या उपचाराचा, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी काढून, लॅबमध्ये बदलून परत देतात त्याचा, रिपोर्ट २०२४ मध्ये आला, १५ पेशंट, त्यात स्क्लेरोडर्माचे चारच. चार म्हणजे फार कमी, मला कळतं, व्हॉट्सॅपवर 'रामबाण इलाज' म्हणून फिरतंय तसं ते नाही. पण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून कॅन्सरसाठी बनवलेल्या अशाच उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या देशात मंजुरी मिळाली, आणि टाटाचं रिसर्च सेंटर तर इथे खारघरला आहे. उद्या आमच्या आजारावर इथे कोणी ट्रायल करायची म्हटली तर पेशंट कुठे आहेत, कितीजण आहेत, ही यादी तरी हवी ना, आणि ओपीडीच नाही तर यादी कुठून येणार.

२९ जून हा जागतिक स्क्लेरोडर्मा दिन असतो, चित्रकार पॉल क्ले १९४० साली त्या दिवशी गेला, त्याला हाच आजार होता असं मानतात. त्या दिवशी अर्धं पान द्या. तोवर पुढच्या पुरवणीत ती एक ओळ.

हे सगळं मी फोनमध्ये बोलून लिहिलंय, बोटांनी एवढं टाईप होत नाही, त्यामुळे शुद्धलेखन तपासून घ्या.

आपली,
एक वाचक, ऐरोली