खाशाबांच्या नावानं स्कॉलरशिप काढा की

संपादक साहेब, नमस्कार. परवा मोबाईलवर जॅकी रॉबिन्सनबद्दल वाचत बसलो, अमेरिकेतला बेसबॉल प्लेयर, 1972 ला गेला तर बायकोनं, रेचलनं, पुढच्याच वर्षी फाउंडेशन काढून पोरांना कॉलेजसाठी स्कॉलरशिप सुरू केली (बेसबॉल मला ओ का ठो कळत नाही ते सोडा). आणि आपले गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव? 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ, मग पोलिसात नोकरी, 1984 ला अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो पण गेल्यावर, पद्मसाठी घरच्यांनी वर्षानुवर्षं दिल्लीकडं डोळे लावले. ते दिल्लीचं राहू दे, पण तालमीतल्या पोरांच्या खुराकासाठी जिल्ह्यानंच त्यांच्या नावानं कायतरी सुरू करावं, दूध-बदाम काय स्वस्त आहेत होय?

— एक वाचक, कराड